भिंतीकडचा पट्टा

आधीच सांगून टाकते, त्या अर्जावर माझीही सही होती. सातव्या नंबरावर, मराठीत, चांगली ठसठशीत. पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की ही बाई सगळ्यांवर चिडलीय आणि स्वतः मात्र नामानिराळी. तसं नाही. राग माझ्यापासूनच सुरू होतो. पण तो माझ्यापाशी थांबत नाही, कारण बाकीच्यांनीही काही कमी केलं नव्हतं.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं होती. यांच्या कंपनीनं गाझियाबादला नवा कारखाना काढला आणि आम्ही मुंबईची एक खोली सोडून तिकडे गेलो. तेव्हा दिल्लीच्या कडेकडेनं जिकडे बघावं तिकडे उभ्या शेतात बिल्डरांच्या पाट्या. पाटीवर कारंजं, हिरवळ, टाय लावलेला बाप, हातात टेनिसची बॅट घेतलेली आई. पाटीच्या खाली गहू. आमच्या सोसायटीतही कारंजं होतं, म्हणजे कारंज्याचा हौद होता. त्यात पाणी मी कधी पाहिलं नाही. चार मजल्यांच्या सहा इमारती, त्यांत अकरा घरं मराठी, बहुतेक पुण्या-मुंबईची. हे म्हणाले होते, वरचं घर घेऊ, हवा येते. मी म्हटलं, तळमजल्याचं घ्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेत दिसतंय. मध्ये फक्त कंपाउंडची भिंत होती, आणि तीही छातीएवढी.

माझं शिक्षण म्हणाल तर खुरप्याचं. कृष्णाकाठचं आमचं गाव, शाळा सातवीपर्यंत. पुढे जे काय वाचलं ते किराण्याच्या पुड्यांचे कागद आणि मुलांची पुस्तकं. पण भांगलायला, म्हणजे पिकातलं तण काढायला, मी सहाव्या वर्षापासून जात होते. शेजारच्या ओळीची पात चुलतीची असायची. मी तिला विचारायचे, हे गवत इथंच का, तिकडे का नाही? आणि ती खुरपं न थांबवता सांगायची. मुरमाड उताराला कुसळी. पाणी धरणाऱ्या चिबडात लव्हाळा. कसदार काळ्यात केना आणि माठ. आणि उसाला पाणी पाजून पाजून जिथं जमिनीला मीठ फुटलंय तिथं आधी पीक पिवळं पडतं, मग जाड पानांचं काहीतरी खुरटं येतं, मग तेही येत नाही. चुलतीचे डोळे बांधून तिला शेतात उभं केलं असतं आणि हातात नुसतं उपटलेलं तण दिलं असतं, तरी तिनं सांगितलं असतं की आपण कुठल्या बांधापाशी आहोत.

हे सगळं मला येत होतं. म्हणूनच जास्त राग येतो.

भिंतीपलीकडचं शेत एका विधवा बाईचं होतं. नवऱ्यामागे तिच्या वाट्याला आलेले तीन बिघे, शेताच्या टोकाला गावात घर, दारात एक म्हैस. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिकडे थोरल्या बहिणीला जीजी म्हणतात, मीही जीजी म्हणू लागले. पहिल्या हिवाळ्यात ती गव्हातलं तण काढत होती आणि मला तिच्या मुठीत चाकवत दिसलं. ते लोक त्याला बथुआ म्हणतात. मी भिंतीवरून विचारलं, हे टाकून देणार का.

"उखाड़ के ले जाओ बहनजी," ती म्हणाली, "मेरा ही काम हल्का होगा."

भोगी चारच दिवसांवर आली होती. आता भोगीची भाजी चाकवतावाचून कशी होणार? पावटा मिळतो, गाजर मिळतं, बोरं मिळतात, पण दिल्लीच्या बाजारात जुडीत बांधलेलं चाकवत म्हणजे निम्मी देठं. मी सोसायटीतल्या चार बायकांना घेऊन भिंतीच्या खिंडारातून पलीकडे उतरले. आणि भिंतीकडेला काय चाकवत म्हणून सांगू. गुडघाभर उंच, तळहाताएवढी पानं, पानांवर ती पांढरी पूड. शेताच्या मध्यावर होतं ते बोटभर, आणि भिंतीकडे असं. बायका म्हणाल्या, काकू, तुम्हाला बरं माहीत. त्या वर्षापासून भोगीच्या आदल्या दिवशी आमचा तांडा जीजीच्या शेतात ठरलेला. आम्ही उपटायचं, आम्हीच न्यायचं, तिची भांगलण फुकट. ती बांधावर बसून आमच्या मोज्यांना हसायची. "इन्हें देखो, खेत में मोज़े पहन के आई हैं. कोई शादी है क्या?"

मला तेव्हा कळायला हवं होतं. चाकवत असं माजतं ते मातीला भरपूर खत मिळालं की. जीजी शेणखत घालायची ते साऱ्या शेतात सारखं. मग भिंतीकडच्या दहा पावलांतच एवढं कुठून आलं? हा प्रश्न माझ्या चुलतीनं पहिल्या मुठीला विचारला असता. मी नाही विचारला. मी घरी येऊन ताकातली भाजी केली आणि दोन वेळा वाढून घेतली.

दुसऱ्या वर्षी भिंतीकडचं चाकवत कमी झालं आणि रानपालक आला, लांबट पानांचा, तांबड्या शिरांचा. तो ओल सोडून राहत नाही. त्याच्या जोडीला एक गवत आलं, अगदी गव्हासारखं. तिकडे त्याला 'गेहूँ का मामा' म्हणतात. ओंबी येईपर्यंत तो मामा भाच्यांत असा मिसळून राहतो की शेतकरीसुद्धा फसतो. उपटून बुंध्याशी पाहिलं तर गुलाबी झाक दिसते, तेवढीच खूण. हाही जड, ओल्या मातीतला पाहुणा. दोन्ही मी माझ्या हातांनी उपटले. तरीही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. आमच्याकडे तेव्हा नवा टीव्ही आला होता, केबल आली होती, खिडकीकडे पाठ करून मी भाजी निवडायला लागले होते. हे खरं कारण, लाज वाटली तरी.

तिसऱ्या वर्षी भोगीच्या आधी आम्ही खिंडारातून उतरलो, तर भिंतीकडे चाकवत नव्हतंच. कोपऱ्यात पाणी साचलेलं, त्यात पाणकणसाची दोन बेटं. त्याच्या अलीकडे जमिनीवर पांढरा थर. बरोबरची एक म्हणाली, "काकू, इथे कुणी पावडर टाकलीये का? मुंग्यांची?" मी खाली बसले. जाड, रसरशीत पानांचं एक ठेंगणं झुडूप होतं, त्याचं पान तोडून जिभेला लावलं. खारट. थर बोटावर घेऊन चाखला. तोही खारट. आणि मला माझ्या गावचा मळा दिसला.

जीजी आली. तिनं मला भिंतीच्या बुडापाशी नेलं आणि काठीनं माती बाजूला केली. वीतभर रुंदीचा सिमेंटचा पाइप आमच्या बाजूनं येऊन तिच्या शेतात तोंड उघडून पडला होता. त्यातून पाणी येत होतं, वर साबणाचा फेस.

"यह तुम्हारा पानी है बहनजी. तीन साल से."

बिल्डरनं गटाराची लाइन जोडून देतो म्हणून सांगितलं होतं. जोडलीच नव्हती. सहा इमारतींच्या न्हाण्यांचं, भांड्यांचं, आणि देव जाणे कशाकशाचं पाणी जमिनीखालून सरळ तिच्या गव्हात. पाणी मुरून मुरून खालची ओल वर चढली होती आणि वर येताना जमिनीच्या पोटातलं मीठ घेऊन आली होती. गहू तिथं आता येत नव्हता, म्हणून जीजीनं त्या पट्ट्यात जौ टाकला होता, म्हणजे आपला सातू. तो खारं सोसतो. विरळ आला होता, मामा आणि रानपालकाच्या गर्दीत शोधावा लागत होता, पण आला होता.

मी जीजीला म्हटलं, मी बघते. मोठ्या तोंडानं म्हटलं.

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी मराठीच होता. पुण्याचा, पस्तिशीचा, एका मोठ्या परदेशी कंपनीत, बोलायला गोड. मला काकू म्हणायचा, दिवाळीला वाकून नमस्कार करायचा. मी त्याच दिवशी त्याच्याकडे गेले, पाइपचं सांगितलं, माती दाखवली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काकू, बिल्कुल बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "हे वर लिहूनच द्यायला हवं. मी लेटर ड्राफ्ट करतो."

आठवड्यानं त्याच्याच घरी हळदीकुंकू होतं. तिळगूळ झाला, वाण म्हणून स्टीलच्या डब्या झाल्या, आणि त्याच्या बायकोनं एक टाइप केलेला इंग्रजी कागद फिरवला. "काकू, इथे एक सही. ते पलीकडच्या शेताचं, पाण्याचं, डासांचं लेटर आहे ना, ते." मला इंग्रजी वाचता येत नाही. ज्यांना येत होतं त्यांनी एका हातात डबी आणि दुसऱ्या हातात पेन असताना काय वाचावं? मी सही केली. वर मोठ्यानं म्हटलं, "करा गं सगळ्या. चांगलं काम आहे." कुंकवाचं बोट कागदाच्या कोपऱ्याला लागलं होतं. ते पुढे माझ्या उपयोगी पडलं, म्हणजे ओळख पटायला.

दहा-बारा दिवसांनी जीजी भिंतीपाशी आली. तिच्या हातात तहसिलीतून आलेला कागद होता. हिंदी मला वाचता येतं. लिहिलं होतं की सोसायटीच्या लगतची जमीन मशागतीविना पडून आहे, तिच्यात तण माजलंय, साप निघतात, डास होतात, म्हणून तिची बंजर, म्हणजे पडीक, अशी नोंद व्हावी आणि ती पार्कसाठी मिळावी. पाहणीला लेखपाल येणार होता, म्हणजे आपल्याकडचा तलाठी. खाली सोसायटीच्या पत्राची नक्कल, सह्यांची रांग, आणि कोपऱ्यात त्या बोटाचा काळपट छाप.

"इसमें तुम कौन सी हो?" तिनं विचारलं.

मी सातव्या नावावर बोट ठेवलं.

"तीन साल बथुआ ले गईं," ती म्हणाली, "अब खेत भी ले लो."

मग तिनंच सांगितलं काय होईल ते. एकदा कागदावर बंजर लागलं की ते पुसायला जन्म जातो, आणि तिचे दीर केव्हापासून तिच्यामागे लागले होते की विधवेला कशाला हवी जमीन, बिल्डरला देऊन टाक. बंजर म्हटल्यावर त्यांना आयतंच मिळणार. पट्टा गेला की शेत जाणार, शेत गेलं की म्हैस, आणि म्हैस गेली की ती दिरांच्या चुलीपाशी.

मी तशीच सेक्रेटरीच्या घरी गेले. रविवार होता. तो नव्या गाडीचं कव्हर घडी करत होता.

"हे पाण्याचं पत्र आहे?" मी कागद त्याच्यासमोर धरला.

"काकू, तुम्ही टेन्शन नका घेऊ. पाण्याचं पण आहे ना त्यात. डास लिहिलेत."

"डास कुणाच्या पाण्यावर झालेत ते लिहिलंय?"

"ते सेन्सिटिव्ह आहे, काकू. पाइपचं लेखी दिलं तर नोटीस आपल्यालाच येणार. सहा बिल्डिंगचं पाणी तुंबलं तर कुठे जायचं सगळ्यांनी?"

"म्हणून तिच्या शेतात?"

"टेक्निकली आपण खोटं काही लिहिलेलं नाही. तण आहे की नाही तिथे? मी फोटो काढलेत."

आता सांगा, याला काय म्हणावं. स्वतःची घाण तिच्या मातीत सोडायची, तिथं जे उगवेल त्याचा फोटो काढायचा, आणि तो फोटो तिच्याच विरुद्ध लावायचा. वर टेक्निकली. माणूस वाईटही नव्हता हो. परीक्षेला आलेली गावाकडची मुलं त्याच्याकडे महिना महिना राहायची, त्यांना तो स्वतः स्टेशनवर आणायला जायचा. पण मातीकडे बघायची नजर अशी की हिरवं दिसलं तर हिरवळ नाहीतर जंगल. त्या दोहोंच्या मध्ये कुणाचं वर्षाचं धान्य उभं असू शकतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि ज्या मला शिकवलं होतं, ती मी सही करून बसले होते.

घरी आले. हे म्हणाले, "तू कशाला मध्ये पडतेस? आपली सही काढून घे नि गप्प बस." मी म्हटलं, सही काढून तिचं शेत स्वच्छ होणार आहे का. तेव्हा सुचलं. पत्रात एकच गोष्ट खरी होती, तण. तेच नाहीसं केलं तर लेखपालाला सातू दिसेल, आणि जे दिसतं तेच त्याला लिहावं लागतं. जीजी एकटी तेवढा पट्टा किती दिवसांत काढणार? लेखपाल पाच दिवसांवर आला होता.

आमच्याकडे इरजिक असायची. एखाद्याचं काम अडलं की साऱ्या गावानं एक दिवस त्याच्या रानात जायचं, मजुरी नाही, जेवण फक्त शेतधन्याचं. मी दुसऱ्या दिवशी मराठी म्हणून उरलेल्या दहाही घरांच्या पायऱ्या चढले. निम्म्या बायकांना तो शब्दच माहीत नव्हता. एकीनं विचारलं, "म्हणजे किटीसारखं का?" मी म्हटलं, हो, किटीसारखंच, फक्त वाकून. चौघी आल्या. बाकीच्यांना सर्दी झाली.

धुकं होतं, माती हाताला बर्फासारखी. जीजी बांधावर बसलेली, आमच्याशी बोलत नव्हती. मी बायकांना दाखवलं, बुंध्याशी गुलाबी दिसला की मामा, उपटा. तांबड्या शिरांचं रुंद पान, उपटा. बाकी राहू द्या. आमच्यात बँकेत नोकरी करणारी एक होती, रजा काढून आली होती. अर्ध्या तासानं तिनं भलामोठा भारा उचलून दाखवला.

"काकू, बघा, सगळ्यांत जास्त माझं."

मी पाहिलं. सगळा सातू.

"अगं बाई, हे पीक आहे."

"अय्या. मग ते राहिलंय ते काय?"

"ते तण."

तिचा चेहरा असा झाला की रडते की काय. आणि बांधावरून हसण्याचा आवाज आला. जीजी पोटावर हात धरून हसत होती. "चलो, इनमें एक तो मेहनती निकली," म्हणत ती उठून आली, त्या पोरीशेजारी उकिडवी बसली आणि सातूचं एक पान तिनं ताटापासून, म्हणजे दांड्यापासून, अलगद सोडवलं. जिथं पान ताटाला मिळतं तिथं दोन लांब नखं असतात, एकमेकींना मिठी मारल्यासारखी. "जौ के पंजे," ती म्हणाली. "मामा के पंजे नहीं होते. अंधी भी हाथ फेर के बता दे." ही खूण मलाही ठाऊक नव्हती. आमच्याकडे सातू कुठे पिकतो.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीची बायको आली. सलवार खोचून, डोक्याला मफलर. कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, "ते ऑफिसला गेलेत. मी आलेय. एवढंच." आणि तिनं सगळ्यांत दूरची पात धरली. तिसऱ्या दिवशी दुपारी जीजीनं फडक्यात बांधून बाजरीच्या रोट्या, लोणी आणि गूळ आणला. जेवण शेतधन्याचं असतं, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

पट्टा मोकळा झाला. खरं सांगायचं तर बघायला काही फार नव्हतं. मिठाच्या थराजवळ टक्कल, कोपऱ्यात पाणकणीस, आणि मध्ये वीतभर उंचीचा विरळ सातू. पण सातू होता.

लेखपाल मोटरसायकलवरून आला. सेक्रेटरी कॅमेरा घेऊन हजर. मी लेखपालाला रस्त्याकडच्या बांधापासून चालवत आणलं, वाटेत उपटत आणि त्याच्या हातात देत. ही रानजई, इथं हलकी रेताड माती आहे. हे बोटभर चाकवत, इथं जमीन निरोगी आहे, गहू बघा कसा आहे. हा रानपालक, इथून ओल लागली. हा मामा. हे खारट पान, चाखून बघा. आणि ही भिंत, आणि हा पाइप. साठ पावलं. माझी हिंदी मोडकी, पण तण काही मोडकं नव्हतं.

तो शांतपणे म्हणाला, "अम्मा, किसान का बेटा हूँ. यह तो मैंने मोटरसाइकिल पर बैठे-बैठे देख लिया था."

"तो लिखिए ना, किसका पानी है."

"लिखूँ कहाँ?" त्यानं वही उघडून माझ्यापुढे धरली. कुठलं पीक, किती जागेत, पाणी विहिरीचं की कालव्याचं. एवढेच रकाने. जमीन कुणी बिघडवली, याला रकाना नव्हता. तो खोटं बोलत नव्हता, खरंच नव्हता. आजही मला त्या वहीचा राग येतो. पिकाचं नाव विचारते, विहिरीचं विचारते, आणि गटाराचं विचारत नाही. ज्यानं ती आखली त्याच्या मनात शेताशेजारी सोसायटी कधी आलीच नसेल, आणि आल्यावरही कुणी नवी रेघ ओढली नाही.

सेक्रेटरी पुढे झाला. "देखिए सर, ये सब तो घास ही है."

लेखपालानं खाली वाकून एक ताट उपटलं, पान सोडवलं, नखं दाखवली. "यह जौ है साहब. बियर इसी की बनती है."

बँकवाली फिस्सकन हसली. सेक्रेटरीनं कॅमेरा खाली घेतला. लेखपालानं पट्ट्यापुढे जौ लिहिलं, कोपऱ्यापुढे पाणी भरलेलं म्हणून लिहिलं, आणि बंजर हा शब्द कुठेच लिहिला नाही. मी खांद्यावरून वाचून खात्री केली. निघताना त्यानं जीजीला विचारलं, "पाइप का मुँह किसकी ज़मीन में है?"

"मेरी."

"तो मुझसे क्या पूछती हो," म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीजीनं तळ्याकाठची चिकणमाती गोण्यांत भरून आणली. गोणीचं एक टोक तिनं धरलं, एक मी. पहिली गोणी पाइपच्या तोंडात कोंबली, बाकीच्या बाहेरून रचल्या, वर माती चोपली. मला माहीत होतं पाणी उलटं फिरेल ते, आणि कुठे फिरेल तेही माहीत होतं. सर्वांत खालचं घर आमचंच. दीड दिवसात आमच्या न्हाणीत घोट्याएवढं पाणी. हे टॉवेल लावून स्टुलावर उभे, आणि मला विचारतात, "हे कसं झालं?" मी म्हटलं, झालं नाही, केलं.

तीन वर्षं जो पाइप कुणाला दिसत नव्हता तो त्या सकाळी साऱ्यांना दिसला. सेक्रेटरी धावत माझ्याकडे आला, पँट दुमडलेली.

"काकू, त्या बाईंनी पाइप बंद केलाय. तुम्ही प्लीज सांगा ना त्यांना. पाणी उपसून न्यायला टँकरची व्यवस्था होईपर्यंत, फक्त दोन दिवस."

"टँकरची व्यवस्था तीन वर्षांपूर्वी झाली नसती?"

"काकू, यार, आत्ता हे नका काढू. तुम्हीच सांगितलंत का तिला?"

"सांगितलं नाही. गोणीचं दुसरं टोक मी धरलं होतं."

तो म्हणाला, ठीक आहे, मी स्वतः बोलतो, कुठे राहतात त्या. जिच्या जमिनीबद्दल यानं सरकारला पत्र लिहिलं होतं तिचं घर त्याला माहीत नव्हतं. त्याच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून तिची म्हैस दिसायची.

मी चपला घातल्या आणि त्याला घेऊन गेले. जीजी म्हशीच्या चाऱ्याची कुट्टी कापत होती. तिनं त्याला खाट दिली, चहा ठेवला, त्याचं सगळं ऐकून घेतलं. दोन दिवस, फक्त दोन दिवस, तो हात जोडून म्हणत होता. चहा झाल्यावर ती म्हणाली, "बेटा, चाय और लोगे?"

गोण्या तिनं काढल्या नाहीत. टँकर दुसऱ्या दिवशी आला, आणि मग दर आठवड्याला येऊ लागला. तोवर आम्ही दोघं आंघोळीला सेक्रेटरीच्या चौथ्या मजल्यावर जात होतो. त्याच्या बायकोनंच बोलावलं होतं.